नऊचा अर्धा घात

"नऊचा अर्धा घात किती?"

"साडेचार," धाकटी म्हणाली, आणि दादाने कपाळावर हात मारून घेतला.

सकाळपासून हेच चाललं होतं. दादा शाळेत गणित शिकवायचा. परक्यांच्या पोरांना शिकवताना तोंडात साखर आणि सख्ख्या बहिणीला शिकवताना जिभेवर मिरची, अशी त्याची तऱ्हा. उद्या धाकटीची परीक्षा. गणितात दोनदा आपटली होती. या खेपेला सुटली तर नर्सिंगला प्रवेश, नाहीतर आहेच जन्मभर औषधाच्या दुकानात काउंटर पुसणं.

"अगं बाई, अर्धा घात म्हणजे निम्मे नव्हे. वर्गमूळ. कोणत्या संख्येला तिनेच गुणलं की नऊ येतात?"

"मग त्याला अर्धा कशाला म्हणायचं? सरळ वर्गमूळ म्हणावं की."

प्रश्न रास्त होता. पण दादाकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की त्याचा पारा चढायचा. "पालथ्या घड्यावर पाणी," तो आईच्या देखत म्हणाला. "डोक्यात नुसते कांदेबटाटे भरलेत हिच्या."

धाकटीने वही मिटली. "मी उद्या जात नाही," ती म्हणाली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं दादाला वाटलं.

आईने त्याला बाजारात पिटाळलं. "नवं टेबल जुन्याच्या दुप्पट आहे. तेवढं चौकोनी कापड आण, आणि डोकं थंड करून ये."

तो तणतणत गेला, कापड कापून घेऊन आला आणि टेबलावर टाकलं. ते चारी बाजूंनी लोंबायला लागलं.

"टेबलाला झगा शिवायचाय का?" आई म्हणाली.

"दुप्पटच आहे. जुन्याच्या लांबीची दुप्पट, रुंदीची दुप्पट."

धाकटी उठली. तिने कापडाची एक घडी घातली, मग आडवी दुसरी, आणि वर जुन्या टेबलाचं कापड पसरलं. काठाला काठ जुळला.

"चौपट आणलंस, दादा."

दादाचं तोंड एवढंसं झालं. धाकटी मात्र हसली नाही, घड्यांकडेच बघत राहिली.

"चारपट करायचं अर्धं काम लांबीने केलं, अर्धं रुंदीने. एकेकीच्या वाट्याला दोन. म्हणून अर्धा घात होय?"

दादाने घडीच्या काठावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "नऊपट करायचं असतं तर?"

"दोन्ही तिप्पट. साडेचार-साडेचार केलं तर वीसपटीच्या वर जाईल, सगळी खोली झाकेल." ती थांबली. "म्हणजे तीन."

"हे मला सकाळी सांगता आलं नाही," दादा म्हणाला. त्याला मनापासून लाज वाटत होती. "उद्या जाशील ना?"

धाकटीने वही उघडली. "जाईन. आधी ते कांदेबटाटे परत घे."

दादाने ते आईच्या देखत परत घेतले.