आईची लेखनिक

आई गेली त्याच्या पुढच्या सोमवारी तिचं परीक्षेचं हॉलतिकीट आलं. पोस्टमनने वैजयंतीची सही घेतली आणि पिशवी खांद्यावर सरळ करत म्हणाला, "यंदा सगळे प्रश्न दीर्घोत्तरी आहेत बरं का. गाळलेल्या जागा, जोड्या लावा, सगळं काढून टाकलंय."

"विषय कोणते?"

"सगळेच."

आई आतल्या खोलीत कॉटवर बसली होती. स्मशानातून ती इतरांच्या आधी घरी पोचली होती आणि तेव्हापासून तिथंच होती. भूक नाही, झोप नाही, पाठ भिंतीला टेकलेली. मेलेल्या माणसाला पास झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही, हे गल्लीत लहानथोरांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरचे मेंगळे मास्तर भूगोलात अडकले होते आणि अजून सुनेच्या फ्रिजमागं बसून असत. दूध काढताना सून म्हणायची, "मामंजी, जरा सरका." मास्तर सरकायचे. एवढाच काय तो त्यांचा संसार उरला होता.

"मला तसं कुणाच्या फ्रिजमागं बसायचं नाही," आई म्हणाली. "एकदाच बसणार परीक्षेला. एकदाच सुटणार. तू आहेस की."

वैजयंती कॉलेजात इतिहास शिकवायची. आईची शाळा चौथीत सुटलेली. शेवटची काही वर्षं अर्धांगाच्या झटक्यानं आईचा उजवा हात लुळा पडला होता. वैजयंती रोज सकाळी त्या हातात रबरी चेंडू ठेवून बोटं मिटवायची आणि उघडायची. मेल्यावरही हात तसाच राहिला, म्हणून लेखनिक लागणार होता. हॉलतिकिटामागं नियम छापला होता: लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा. सांगितलेलं तेवढंच त्यानं लिहावं, पदरचं काही घालू नये.

"मग मी कशी चालेन? मी पीएच.डी. आहे, आई."

"शिकवायला लाग. होईल कमी."

तिनं शिकवायला घेतलं. प्रस्तावना चार ओळींची, मग मुद्दे, दर मुद्द्याला एक उदाहरण, शेवटी समारोप, आणि समारोपात नवीन काही आणायचं नाही. आईला ही रीत लगेच जमली. "म्हणजे पाहुण्याला निरोप देताना दारात नवा विषय काढायचा नाही, तसंच," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी त्यांनी अठराशे सत्तावनच्या उठावाची कारणं केली. दुसऱ्या दिवशी वैजयंती वर्गात खडू घेऊन उभी राहिली, तर एकही कारण आठवेना. तिनं फळा पुसला. कोरा होता तरी पुसला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आम्ही वाचू घरी. तुम्ही दमलाय." वैजयंती घरी आली, तेव्हा आई कॉटवर ती कारणं क्रमानं म्हणत होती. एकही सुटत नव्हतं.

मग रोज तसंच होत गेलं. आईला जे पाठ होई, ते वैजयंतीच्या डोक्यातून जाई. जमिनीची धूप गेली. आईनं त्या प्रश्नाला माहेरच्या विहिरीकडची पट्टी उदाहरणाला घेतली. "घरचं उदाहरण चालतं का गं?" "चालतं." मग दशांश अपूर्णांक गेले, इंग्रजी गेलं. एका दुपारी वैजयंतीनं कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. पाठीवर सोनेरी अक्षरं होती. त्यांतलं स्वतःचं नाव तिला लागलं, बाकीचं लागलं नाही. तिनं ते कपाटात परत ठेवलं आणि कणीक मळायला घेतली.

शेजारच्या बाबरवहिनी डब्यात पिठलं घेऊन आल्या. आतल्या खोलीकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"एखादा मुद्दा चुकीचा सांगावा. माझ्या नणंदेनं तेच केलं. तिची आई अजून घरात आहे, बाल्कनीत. तेवढीच सोबत होते हो."

"आणि आई काय म्हणते?"

"आई काय म्हणणार? बसून असते."

त्या दुपारी विज्ञान होतं. वैजयंती म्हणाली, "हृदयाला तीन कप्पे असतात."

"तीन कप्पे," आई म्हणाली आणि डोळे मिटून घोकू लागली.

वैजयंती चहा करायला गेली. तिनं दोन कप टाकला. परत आली तेव्हा आई घोकतच होती. तिचं डोकं जिथं टेकत असे, तिथं भिंतीवर तेलाचा गोल डाग पडला होता. आजारपणात तो हाताच्या पंजाएवढा होता. आता परातीएवढा झाला होता. आईचा आवाज त्यातून आल्यासारखा येत होता.

"चार असतात," वैजयंती म्हणाली. "चुकले मी."

"माहीत आहे. डॉक्टरांनी किती वेळा चित्र काढून दाखवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, किती दिवस ठेवून घेतेस ते," आई म्हणाली. "चहा निवतोय तुझा."

परीक्षेचं केंद्र नदीपलीकडच्या प्राथमिक शाळेत होतं. बाकं इतकी बुटकी होती की सगळ्यांचे गुडघे छातीला लागत होते. प्रत्येक बाकावर एक मेलेलं माणूस आणि शेजारी त्याचं कुणीतरी. पर्यवेक्षक बाई वैजयंतीपाशी थांबल्या.

"नाव लिहून दाखवा."

तिनं लिहिलं. वेलांटी चुकली, जोडाक्षर सुटं पडलं.

"अजून जरा जास्तच येतंय तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पण पेपर संपेपर्यंत उतरेल. बसा."

आई सांगत गेली आणि वैजयंती लिहीत गेली. आईचं काही अडलं नाही. धूप, कप्पे, उठाव, व्याज, पानांचं श्वसन. एका पुरवणीमागून दुसरी पुरवणी. दर पुरवणीबरोबर खोली एका बाकानं लांब होत होती आणि फळा मागं मागं जात होता. एखादं अक्षर फार वेळा लिहिलं की ते संपून जाई. आधी 'ळ' संपला, मग 'ज्ञ'. वैजयंती त्यांच्या जागा मोकळ्या सोडून पुढं जात होती.

शेवटचा प्रश्न निबंधाचा होता. त्याला पर्याय नव्हता. मागे राहिलेल्याचे मनोगत.

वैजयंतीनं पेन खाली ठेवलं. "हे तू कसं सांगणार?"

"तू सांगायचं नाहीस. पदरचं घालायचं नाही," आई म्हणाली. "मी बसून होते ना सगळे दिवस समोर? घे लिहून."

ती सांगू लागली. "मी सकाळी उठते. चहा दोन कप टाकते. एक पिते, एक मोरीत ओतते. कुणी पाहत नाही ना, ते बघते. औषधाचा डबा रोज उघडते, खण मोजते, मिटते. लोक म्हणतात, बाई रडली नाही. रडायला बसावं तर उठून दार कोण लावणार? रबरी चेंडू मी उशाखाली ठेवते. हात झोपेत त्याच्यावर मिटतो, उघडतो."

वैजयंती लिहीत होती. कागदावर अक्षरांपेक्षा मोकळ्या जागा जास्त झाल्या. इशाऱ्याची घंटा झाली. बाई दोऱ्याची गुंडी घेऊन ओळीतून फिरू लागल्या. "पुरवण्या बांधा. पुरवण्या बांधून घ्या." पलीकडच्या बाकावर एक म्हातारा उठला, त्यानं नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि दाराबाहेर गेला.

"आता समारोप," आई म्हणाली. "एकच ओळ. मग झालं."

वैजयंतीनं पेन टेकलं. काहीच आलं नाही. पेन कसं धरायचं तेही बोटांतून निघून चाललं होतं. तिनं ते मुठीत धरलं.

"आई, मला येत नाही."

"नीट बस. पाठ सरळ."

"एकही अक्षर येत नाही, आई."

आईचा लुळा उजवा हात बाकावरून सरकत आला, वैजयंतीच्या मुठीवर बसला आणि मिटला.

"गिरव," आई म्हणाली.

पेन हललं. एक उभी रेघ आली, तिला लागून एक गोल. बाई बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या. शेवटची घंटा सुरू झाली. त्यांनी कागदाचं वरचं टोक धरलं आणि ओढू लागल्या. पेन कागदावर होतं, मूठ पेनावर आणि मुठीवर तो हात, घट्ट.