तिरप्या उजेडातल्या मांड्या

पोस्टाच्या तीन नंबरच्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसल्यामुळे जनतेने बाईंना फक्त कमरेच्या वर पाहिलं होतं. खाली पाय आहेत की सरळ खुर्चीच सुरू होते, याची चौकशी कोणी केली नव्हती. बाईंना तेच सोयीचं होतं.

सोयीचं असण्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी सगळं कुटुंब सुट्टीला गेलं असताना बाई पोहून झाल्यावर तलावाची शिडी चढत होत्या आणि खाली पाण्यात त्यांची नणंद उभी होती. ती सहज म्हणाली, "वहिनी, मांड्यांना काय झालंय गं तुझ्या? टाचलेल्या गादीसारख्या दिसतायत." नणंदेच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या मनात कधीच काही नसतं. येतं ते लगेच तोंडातून बाहेर पडतं आणि मन पुन्हा झाडून स्वच्छ होतं.

"हो का, वन्सं," एवढंच बाई म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेल गुंडाळला. कॉलेजात असताना पोहण्याची आठ पदकं मिळवणारी ही बाई, पण त्यानंतर तिने पाण्यात पाय घातला तो फक्त फरशी पुसताना.

हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. पण सार्वजनिक तलावाच्या कोचबाई दर महिन्याला रजिस्टर पत्र टाकायला तीन नंबरवर येत, आणि एकदा पावती घेता घेता त्यांनी विचारलं, "तुम्ही पूर्वी पोहायच्यात ना? चाळिशीपुढच्या बायकांची सकाळची तुकडी काढायचीय. बारा नावं आलीत. बाराही जणी पाण्याला घाबरतात आणि पुरुष शिक्षकाला त्याहून जास्त. तुम्ही शिकवाल?"

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर आलं, "तीन महिन्यांनी सांगितलं तर चालेल?"

"चालेल, पण तीन महिन्यांनी येणाऱ्या पहिल्या तारखेपर्यंत नक्की सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर तुकडी रद्द. दुसरं कोणी नाहीये माझ्याकडे."

त्याच संध्याकाळी बाई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मांड्या तपासल्या, हात धुतले आणि सांगितलं, "हा आजार नाही. कातडीखालची चरबी धाग्यांसारख्या पट्ट्यांमधून फुगते आणि पट्ट्या कातडीला आत ओढून धरतात. म्हणून खळ्या पडतात. बहुतेक बायकांना असतात. बारीक बायकांनाही."

"तुम्हाला?"

"मलाही आहेत. पण त्या दाखवणं फीमध्ये बसत नाही."

"मग जाणार कशाने?"

"जाणार नाहीत. कमी दिसतील. रोज चाला, जिने चढा, मांड्यांना व्यायाम द्या. आतला स्नायू भरला की वरचं जरा ताणून बसतं. वजन एकदम उतरवू नका, जेवण साधं ठेवा, झोप पुरी घ्या. डबीतलं काही चोळू नका. आणि रोज आरशात बघत बसू नका, पंधरा दिवसांनी बघा. पहिला एक फोटो काढून ठेवा, म्हणजे धीर राहील."

बाईंनी फोटो काढला. ढगाळ दुपारी, गॅलरीकडे पाठ करून, मान मोडेपर्यंत वळून. मग फोनच्या अशा कप्प्यात ठेवला की तो त्यांना स्वतःलाही सहज सापडू नये.

दुसऱ्या दिवसापासून पोस्टात गडबड उडाली. टपाल निवडायची खोली तिसऱ्या मजल्यावर. बाई गठ्ठे घेऊन जिन्याने वर जाऊ लागल्या, तेव्हा लिफ्टवाले काका दुखावले. सेवेत सव्वीस वर्षं झालेला माणूस. "बाई, माझं काही चुकलं का?" त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. "चुकलं असेल तर तोंडावर सांगा. असं रोज समोरून जिना चढून दाखवू नका." बाईंनी खूप समजावलं. शेवटी तोडगा निघाला: जाताना जिना, येताना लिफ्ट. काकांचा मान राहिला आणि बाईंचा दमही.

खिडकीवरची अडचण वेगळी होती. तासातासाने खुर्चीतून वीस वेळा उठायचं-बसायचं ठरलेलं. पण पोस्टातली बाई खुर्चीतून उठली की रांगेला एकच अर्थ कळतो: खिडकी बंद. पहिल्याच उठाबशीला रांगेच्या टोकापर्यंत सुस्कारा गेला. दुसऱ्या उठाबशीला लोक सावरले. सातव्या वेळी बाईंचं डोकं वर आलं तेव्हा समोरचे पेन्शनर आजोबा काचेला नाक लावून उभे होते.

"बाई, खाली काही हरवलंय का?"

"हो."

"सापडेल, सापडेल. काय आहे?"

"बघू काय सापडतंय ते. तुमचं पासबुक द्या."

पुढे रांगेलाच सवय झाली. बाई विसरल्या तर कोणीतरी मागून आठवण करी, "बाई, अकरा वाजले, शोधताय ना?"

हे सगळं व्यवस्थित चाललं होतं. बिघडलं ते घरात, आणि तेही प्रेमापोटी.

बाईंचे यजमान गिलाव्याचं काम करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. भिंतीवर ते थापी फिरवत तेव्हा बघणाऱ्याचा श्वास आपोआप हळू होई. पण एक खोड होती. सपाटीबद्दल कोणी सहज मत विचारलं तर त्यांना सहज देता येत नसे. टेबलावर हात फिरवल्याशिवाय ते हॉटेलात बसत नसत. साडूच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी छताकडे बघून "हं" म्हटलं, त्याला सहा वर्षं झाली, साडू अजून बोलत नाही.

पंधरा दिवस झाल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, जरा बघून सांगता का? मागचं मला दिसत नाही."

मिस्त्रींनी चष्मा पुसला. वरचा दिवा लावला, पाहिलं, मान हलवली. "या उजेडात मी कसलंच मत देणार नाही," म्हणाले. "समोरचा उजेड खोटं बोलतो." मग ते माळ्यावरून आपला कामावरचा लांब वायरचा दिवा घेऊन आले. पडदे ओढले. दिवा अगदी मांडीला लगटून, तिरका धरला, जसा ते भिंतीला लगटून धरत.

बाईंनी आरशात पाहिलं. आरशात चंद्र होता. दुर्बिणीतला.

"असं आहे होय," त्या म्हणाल्या.

"घाबरू नकोस. काम मोठं आहे, पण हाताबाहेरचं नाही." मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून वहीत नोंद केली: डावी – बरी. उजवी – पुन्हा हात मारावा लागेल.

त्यानंतर एका रविवाराआड सकाळी, पडदे ओढून, ही पाहणी होऊ लागली. मिस्त्री कामात चोख. ते खोटं बोलून बायकोला खूश करणाऱ्यांतले नव्हते, आणि ती गोष्ट बाईंना लग्नाच्या वेळी फार आवडली होती. दुसऱ्या पाहणीला ते म्हणाले, "अजून दिसतंय." तिसऱ्याला म्हणाले, "दिसतंय." चौथ्याला नुसतेच "हं" म्हणाले, आणि बाईंना साडूचं दुःख पहिल्यांदा कळलं.

सहाव्या पाहणीनंतर बाईंनी फोनच्या कप्प्यातला तो फोटो शोधून काढला, दिव्याच्या उजेडातल्या आरशाशी ताडून पाहिला. तीन महिने जिने चढून, रोज पाऊण तास चालून, ऑफिसात वर-खाली होऊन मांड्या आधीपेक्षा वाईट झाल्या होत्या. पहिली तारीख परवावर आली होती.

"मी उद्या कोचबाईंना नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या.

"अजून दोन-तीन महिने मेहनत घेतलीस तर..."

"नको. पुरे झालं."

मिस्त्री वायर गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री डबा घरीच विसरून गेले. बाईंनी रजा टाकलेलीच होती. कोचबाईंना फोन करायला धीर गोळा करायचा होता आणि तो ऑफिसात गोळा होत नाही. त्या डबा घेऊन निघाल्या. काम नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर होतं आणि तिथली लिफ्ट अजून खोक्यातच होती.

वर मिस्त्री एकटे होते. हॉलची मोठी भिंत पुरी झाली होती. मालक-मालकीण नुकतेच बघून, भिंतीवरून हात फिरवून, खूश होऊन गेले होते. बाईंनीही हात फिरवला. दुधावरच्या सायीसारखी भिंत.

"थांब, शेवटचं बघून घेतो," म्हणत मिस्त्रींनी दिवा भिंतीला लगटून धरला.

भिंतीवर खड्डेच खड्डे उमटले. टेकड्या, दऱ्या, एके ठिकाणी चक्क नदीचं पात्र.

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही नापास का?"

"नापास?" मिस्त्रींना राग आला. "माझ्या हातून यापेक्षा सरळ भिंत झालेली नाही."

"मग हे काय आहे सगळं?"

"दिव्यात दिसणारच ते. हा दिवा धरल्यावर खड्डा दिसणार नाही अशी भिंत कोणी केलेलीच नाही अजून. आपल्याला कुठे घासायचं ते कळावं म्हणून असतो तो. मालकाला काय करायचाय? मालक राहणार खिडकीच्या उजेडात, सोफ्यावर बसून."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "आणि मी कोण? मालक का मजूर?"

मिस्त्रींनी दिव्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग पुन्हा दिव्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुठल्याही उजेडात दिसलं असतं. हळूच हात खाली नेऊन त्यांनी दिवा विझवला.

"तो तुझा पहिला फोटो," ते म्हणाले, "कुठल्या उजेडात काढला होतास?"

"गॅलरीच्या. ढगाळ होतं."

"आजही ढगाळ आहे."

"तुमचं काम?"

"भिंत कुठे पळून जात नाही."

जिना उतरताना मिस्त्री दोनदा थांबले. गुडघे धरून म्हणाले, "वर येताना कितीदा टेकलीस?"

बाईंनी आठवून पाहिलं. आठवेना. त्या डबा हलू नये म्हणून जपत आल्या होत्या. बसायचं राहूनच गेलं होतं. सहा मजले. तीन महिन्यांपूर्वी पोस्टाच्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून त्या चिल्लर शोधल्याचं नाटक करत असत.

घरी येऊन मिस्त्रींनी गॅलरीत तीच जागा धरली, फोन डोक्याच्या उंचीवर नेला, दोन पावलं मागे सरकले, एक पुढे आले. फोटो काढला. मग जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी वाकून बघत राहिली. मिस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढली नाही.

खळ्या होत्या. उजवीकडच्या तर ओळखीच्या वाटाव्या इतक्या जागच्या जागी होत्या. पण पूर्वी जिथे अख्खी गादी टाचलेली होती तिथे आता विरळ टाके होते, आणि गुडघ्याच्या वर एक लांब, भरीव रेघ दिसत होती. ती पहिल्या फोटोत नव्हती.

"ही रेघ कसली?" मिस्त्रींनी विचारलं.

"जिन्याची असेल."

"चांगली आहे." ते जरा घुटमळले. "माझं चुकलं. भिंतीसारखं बघितलं मी."

"तुम्ही बघितलं तरी. वन्संसारखं बोलला नाहीत." बाई हसल्या. "वहीत काय लिहिणार?"

"वही मी चुलीत घालतो."

"गॅस आहे आपल्याकडे."

"मग रद्दीत."

बाईंनी फोन उचलला आणि कोचबाईंना लावला. "किती वाजता यायचं?" एवढंच विचारलं.

पहिल्या तारखेला सकाळी सहा वाजता बारा बायका तलावाच्या कडेला एका ओळीत उभ्या होत्या, बाराही टॉवेलात. बाईंनी स्वतःचा टॉवेल बाकावर ठेवला. मग त्या पायऱ्या उतरून पाण्यात कमरेपर्यंत गेल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पायांना आपण कशासाठी आहोत ते आठवलं. त्यांनी एक फेरी मारली. कोणाला दाखवायला नाही. राहवलं नाही म्हणून.

परत आल्या तेव्हा बारा जणी त्यांच्या दिशेने बघतच होत्या, पण त्यांच्या नजरा पाण्याच्या खोलीवर खिळलेल्या होत्या. जिला आपण बुडणार असं वाटतं ती दुसरीच्या मांड्या मोजत नाही.

पहिल्या आठवड्यात सात जणी पाण्यात उतरल्या. दुसऱ्यात अकरा. बारावी, एका शाळेची मुख्याध्यापिका, कडेलाच बसून राही, टॉवेल घोट्यापर्यंत. बाई तिला रोज कडेवर हात ठेवून पाय कसे मारायचे ते दाखवत, आणि त्यासाठी पाण्याबाहेर येऊन तिच्याशेजारी पालथ्या पडत.

तिसऱ्या सोमवारी मुख्याध्यापिका बराच वेळ बघून हळू आवाजात म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण तुम्हालाही आहेत की."

"आहेत ना. आधी जास्त होत्या."

"मग तुम्ही हे असं, सगळ्यांसमोर?"

"पालथं पडल्याशिवाय पाय मारता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "मी प्रयत्न करून पाहिलाय. नऊ वर्षं. तुम्ही या इकडे, माझ्या बाजूला. गुडघा वाकवायचा नाही, मांडीतून मारायचं."

मुख्याध्यापिकेने इकडे-तिकडे पाहिलं. अकरा जणी पाणी उडवण्यात गुंतल्या होत्या. तिने टॉवेलाची घडी घातली, शाळेत शिस्तीने घालतात तशी, चारही टोकं जुळवून, आणि ओल्या फरशीवर बाईंच्या शेजारी पालथी पडली.

"आता?" तिने विचारलं.

"आता उजवा," बाई म्हणाल्या.