वाडीच्या नावाचा थांबा

मुरबाडच्या कारखान्यात छाया डबे पॅक करायची. कंपनीची बस धसईहून निघून तिच्या वाडीसमोरूनच जायची, पण थांबायची पुढच्या गावात. छाया रोज दोन किलोमीटर वाट तुडवत गाव गाठायची. महिन्यात तीन लेट मार्क लागले की कामावरून कमी, आणि तिचे दोन लागून बसले होते.

अशात कंपनीला सगळ्यांना सामावून घ्यायची हुक्की आली. एचआरच्या मिताली मॅडमनी कामगारांना गोल बसवून विचारलं, "आपल्याकडे काय बदलायला हवं?" सगळे छताकडे बघू लागले. छाया म्हणाली, "बस आमच्या वाडीवर थांबवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. हीच गोष्ट ती सुपरवायझर जीवनला आठ महिने सांगत होती, तेव्हा त्यानं मान वर केली नव्हती.

चार दिवसांत थांबा मंजूर! पण पाहणीला आलेल्या साहेबांना वाडीत ना सावली दिसली, ना पाहुण्यांना बसवायला जागा. मग पाटी रोवली ती गावात, सरपंचांच्या दारात. नाव मात्र वाडीचं. फीत छायाच्या हातून कापवली, फोटो काढले. बस थांबायची तिथंच थांबत राहिली.

दुसऱ्या दिवशी जीवननं तिला अडवलं. "आता तर तुमच्या नावाचा थांबा हाय. उद्या उशीर झाला तं कारण सांगायचं नाय."

छायाचं डोकंच सणकलं. संध्याकाळी बहिणीला, ठमीला, घेऊन तिनं पाटी उपटली, डोक्यावर घेतली आणि वाडीच्या तोंडाशी रोवली.

"चोरी नाय ना गो ही?" ठमी घाबरली.

"नाव वाच. आपलीच हाय."

सकाळी ड्रायव्हर रविंद्रनं पाटी पाहून करकचून ब्रेक मारला. छाया चढली. गावात पाटी नव्हती, तेव्हा तो थांबला नाही. "पाटी नाय तं थांबा नाय, नवी पाटी लागल्यापासून मला लेखी हुकूम हाय," म्हणाला. रस्त्यावर सहा माणसं हात हलवत राहिली. सहा जणांना लेट मार्क लागला.

तातडीची बैठक बसली. जेवणाच्या सुट्टीआधी गावाला वेगळा थांबा मिळाला, सहाही मार्क पुसले गेले.

"बघ छाया, मनावर घेतलं की कसं तासाभरात होतं!" मिताली मॅडम खुशीत म्हणाल्या.

छायाला रडू येत होतं आणि हसूही. "व्हय मॅडम," ती म्हणाली, "गावाला गैरसोय झाली की होतं."