तीन पानांचा आक्रोश

अकोल्याहून निघालेली एसटी मूर्तिजापूरला येईस्तोवर मिस्बाहनं पाण्याची बाटली चार वेळा उघडली आणि घोटभरही पाणी प्यायली नाही. संध्याकाळी अमरावतीच्या नाट्यस्पर्धेत तिनं लिहिलेलं पहिलंवहिलं नाटक होतं. शेजारी प्रीतमभाऊ, म्हणजे नाटकातला बाप, शेवटचा तीन पानांचा आक्रोश मोठ्यानं घोकत होते. त्या पानांवर तिचा भारी जीव. नाटक डळमळलं तरी हे भाषण तारून नेईल, असा तिला भरवसा होता.

पुढच्या सीटवरचे सूर्यभानजी, धोतरटोपीतले म्हातारे, केव्हाचे कान देऊन होते. शेवटी वळलेच.

"पोरी, हा मानूस काहून रडून राहिला?"

तिनं गोष्ट सांगितली. बाप विहिरी खोदणारा. पोराशी सहा महिने अबोला. जेवणाच्या सुटीत पोरगा विहिरीत उतरलाय हे बापाला ठाऊक नाही, आणि तो सुरुंगाची वात पेटवतो.

"अन् हाक काहून नाई मारली? मी वीस वर्सं विहिरी खंदल्या. वात पेटवाच्या आंधी एकेकाचं नाव घेऊन हाक मारा लागते. तुहा बाप येडा हाय काय?"

मिस्बाहचं तोंड एवढंसं झालं. मग राग आला. मोठे आले शिकवणारे! पण राग टिकेना. तीन पानं बाप नशिबाला, आभाळाला, काळ्या मातीला बोल लावत होता, आणि या एका प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गोष्टीतलं भोक झाकायलाच आपण एवढे सुंदर शब्द लिहिले, हे कळून तिला स्वतःची लाज वाटली.

बडनेरा येईपर्यंत तिनं नखं कुरतडली. मग एकदम पुढे वाकली.

"बाबाजी, तो हाक मारते. शुभम, धर्मपाल, सगळ्यांची नावं घेते. फक्त पोराचं घेत नाई. अबोला हाय ना! अन् पोरगा खाली बसून राहते. आपलं नाव घेतल्याशिवाय बाप वात पेटवनार नाई, हे त्याले पक्कं मालूम हाय."

सूर्यभानजींचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"बस, पोरी. पुढचं नोको सांगू."

ते खिडकीकडे वळले.

"मंग मॅडम, याचं काय करू? महिनाभर पाठ केलं," प्रीतमभाऊंनी पानं पुढे केली. मिस्बाहनं ती घेतली. घडी करून पिशवीत टाकली.

"स्फोट झाल्यावर पोराचं नाव घेऊन हाक मारा, भाऊ. एकदाच. अन् त्याच्या 'ओ'ची वाट पाहा."