ट्रकचं तोंड घराकडे

मामांचा पारा त्या सकाळी आधीच चढलेला होता. गॅरेजला येणारे सगळे ड्रायव्हर त्यांना मामाच म्हणत, आणि मामांनी हात लावलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत येत नसे. हा दुधाचा ट्रक मात्र पुन्हा पुन्हा येत होता. बॅटरी बदलून झाली, स्टार्टर उघडून झाला, फिल्टर नवा घातला. गॅरेजमध्ये किल्ली फिरवली की पठ्ठ्या एका दमात चालू! आणि ड्रायव्हरचं रडगाणं एकच: "मामा, घरी पहाटे उठतच नाही हो. सेल मारून मारून जीव जातो."

"मग काय, माझ्या गॅरेजला घाबरतो होय तो?" मामा खेकसले होते.

पण ड्रायव्हरचा चेहरा बघून पुढचं त्यांनी गिळलं. डेअरीने त्याला बजावलं होतं, आता एकदा जरी दूध उशिरा पोचलं तर फेरी दुसऱ्याला. ही फेरी दुपारी संपते म्हणून तर त्याने धरली होती. सकाळपुरती शेजारीण येऊन बसायची. लांबची कामं घेतली असती तर आजारी बायकोकडे बघणार कोण?

म्हणून आज उजाडता उजाडता मामा स्वतः त्याच्या दारात हजर. बघतात तर काय, घरासमोर येऊन संपणारा रस्ता चांगलाच चढाचा, आणि ट्रक वर तोंड करून थेट खिडकीसमोर उभा. ड्रायव्हरने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, खोकलं, पांढरा धूर सोडला आणि बऱ्याच वेळाने कसंबसं धडधडू लागलं.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, काखेत कळसा नि गावाला वळसा! इंजिन वर, टाकी खाली. रात्रभर डिझेल नळीतून मागे उतरतं आणि सकाळी पंप नुसती हवा ओढत बसतो. माझी जमीन सपाट, तिथे काय डोंबल सापडणार? कधीपासून लावतोस असा?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि त्रास?"

"तेव्हापासूनच."

"मग तोंड खाली करून लाव की! फुकटात इलाज."

"ते नाही जमायचं, मामा."

"का? ट्रकची मान मोडते?"

ड्रायव्हर काही सांगायच्या आत मामा केबिनमध्ये चढलेसुद्धा. धीर धरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ट्रक खाली नेला, कोपऱ्यावर वळवला, उलटा चढवत आणला आणि खिडकीकडे पाठ करून उभा केला.

घरातून किंकाळी आली.

"अहो! निघालात? मला न सांगता निघालात?"

ड्रायव्हरची बायको खिडकीचे गज धरून उभी होती, नजर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर. ड्रायव्हर धावत आत गेला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी इथेच आहे गं. बघ माझ्याकडे."

"कोण तुम्ही? सोडा मला, ते चाललेत!"

मामा खाली उतरून खिडकीशी आले.

"माणसं ओळखत नाही ती आता," ड्रायव्हर आतूनच म्हणाला. "मलाही नाही. ट्रक तेवढा ओळखते. तोंड दिसलं की मी घरी, पाठ दिसली की मी गेलो. रात्री सारखी उठून बघते. तोंड दिसलं की झोपते बिचारी."

"आणि हे तू आत्ता सांगतोस, गाढवा?" मामांचा आवाज फुटला. राग खरं तर स्वतःचाच आला होता. "थांबा वहिनी, थांबा!"

ते पुन्हा केबिनमध्ये चढले. ट्रक खाली उतरवला, वळवला, आणि तोंड वर करून अगदी खिडकीजवळ आणला. मग केबिनच्या खिडकीतून डोकं काढून ओरडले, "दूध टाकून थेट माझ्याकडे ये. डिझेल मागे उतरू न देणारा व्हॉल्व्ह बसवतो. उद्या एका सेलमध्ये उठला नाही तर मला मामा म्हणू नकोस. आणि लाव तुला हवा तसा!"

खिडकीतला चेहरा निवळला. नवरा अगदी पाठीशी उभा होता, पण ती ट्रककडे बघूनच हसली.

"आलात? किती हो उशीर केलात! हातपाय धुवा, चहा टाकते."

"आलो गं," तिच्या पाठीमागून ड्रायव्हर म्हणाला.