गुळाचं अक्षर

सुंदररावांच्या लेकीचं, साखराबाईचं लगीन तलवाड्याला झालं, ते निजामाच्या राज्यातलं फसली १३३१ साल. त्याच साली दसऱ्याला तिच्या भावजयीच्या, बायनाबाईच्या पोराची पाटी दुसऱ्यांदा मठात गेली. पोराचं नाव सटवा.

मठापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. पोर शाळेत घालायजोगं झालं का, हे त्या वस्तीवर मठाचे राखेबुवा ठरवत. आदल्या दिवशी लाकडी पाटी पूजेला द्यायची. दसऱ्याला बुवा तिच्यावर धुनीची राख टाकत, झटकत. श्री उमटलं तर देवीचा कौल, पोर शाळेत. पाटी कोरी राहिली तर पोरानं वर्षभर मठावर राहून गुरं राखायची. मागच्या खेपेला सटवा आणि छबुबाईचा मुंजाजी, दोघं गेले. माघारी एकटा सटवा आला.

"मास्तर डोळ्यानं बघतो म्हणून फसतो," बुवा सांगत होते. "देवी डोळं मिटून बघती."

"मंग ठेचकाळत आसंल," मागून कोणी पुटपुटलं. दोघं-तिघं हसले.

बायनाबाई बायकांत बसली होती, पदर हनुवटीपर्यंत ओढून. समोर सासरे सुंदरराव. देवी म्हणेल तसं करीन, असा त्यांनी बुवाला शब्द दिलेला. त्यांच्यापुढं तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. शेजारी भिंतीला पाट्या टेकवलेल्या. मान खाली, म्हणून तिला त्याच तेवढ्या दिसत होत्या.

पाटलाच्या नातवाच्या पाटीवर मुंग्या होत्या. नुसत्या फिरत नव्हत्या. वळणं धरून बसल्या होत्या. मोहनरावाच्या पोराच्या पाटीवरही तीच वळणं. सटवाच्या पाटीवर एक मुंगी नाही.

तिनं पाटलाच्या नातवाच्या पाटीवर हळूच बोट फिरवलं. चिकट लागलं. बोट जिभेला लावलं. गूळ.

बुवांच्या चेल्यानं मुंग्या झटकून पाट्या नेल्या. पाटलाच्या नातवाला श्री आलं. मोहनरावाच्या पोराला आलं. सटवाची पाटी कोरी.

"देवीनं ह्याला आजून सोडलं न्हाई," बुवा म्हणाले. "जाऊ द्या गुरांमागं."

सटवानं आईकडं पाहिलं. सुंदररावांनी त्याचा दंड धरला.

कोरी पाटी बायनाबाईपुढं येऊन पडली. हातात प्रसादाचा गूळ होता. तिनं तो ओंजळभर पाण्यात चुरला आणि मुंग्यांनी दाखवलेली वळणं बोटानं गिरवली. तिला अक्षर येत नव्हतं. काय काढतेय तेही माहीत नव्हतं. पाटी उन्हात धरून सुकवली, उठली आणि पुरुषांतून चालत गेली.

"सूनबाई, माघारी फिर," सुंदरराव म्हणाले.

"मामंजी, येकडाव राख टाका. मंग न्या त्याला."

बुवा हसले. "देवीला दोनदा इचारत न्हाईत, बाई."

तलवाड्याचे खाजामियाँ मास्तर शाळेची पोरं न्यायला आले होते. त्यांनी पाटी घेतली, धुनीतली राख टाकली, झटकली. वेडंवाकडं श्री उमटलं.

लोकांनी हात जोडले. बुवांनीही जोडले. "बघा, माउलीच्या हाकेला देवी..."

"देवी न्हाई, म्या काढलं," बायनाबाई म्हणाली. "गुळाच्या पाण्यानं. चाटून बघा."

पाटलानं नातवाची पाटी चाटली. मग चाटलेली पाटी बुवापुढं ठेवली.

मास्तरांनी सटवाला पुढं घेतलं. "उजवा हात डोक्यावरनं ने बेटा. डावा कान धर." बोटं कानाला पोचली, म्हणजे शाळेचं वय भरलं. "हा बी अंदाजच हाय, सुंदरराव. पण हात तुमच्याच नातवाचा हाय. लई झालं, आता द्या त्याला."

तेवढ्यात छबुबाई पुढं आली. "मास्तर, माझ्या मुंजाजीचा बी हात पुरत हुता का वो?"

मास्तरांनी सटवाचा हात कानावरनं खाली घेतला.

सटवा शाळेत गेला. चारचौघांत बोलली म्हणून सुंदररावांनी त्या दिवसापासून बायनाबाईच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि तिला त्याच घरात राहायचं होतं.

पोर शाळेजोगं झालं का, हे राखेला विचारू नका. पोराशी बोला, त्याचा हात धरून बघा. कोणी चमत्कार दाखवला तर आधी बोट लावून बघा.

सुंदरराव फसली १३४० साली म्हातारपणानं वारले. बायनाबाई १३५२ साली तापानं गेली; तोवर तिला श्री हे एकच अक्षर येत होतं. छबुबाईचा मुंजाजी १३३० सालच्या वैशाखात, मठाची गुरं पाण्यावर नेताना विहिरीत पडून वारला. त्याला सातवं लागलं होतं.