मारोतीची आई

दामिनीने स्टूल पुढे ओढलं, पुन्हा मागे सारलं आणि शेवटी उभीच राहिली. समोर सोनाबाई बसली होती. घटकाभरापूर्वी हीच बाई इचोड्याच्या बाजारातल्या वांग्यांचे भाव सांगत खिदळत होती. आज दवाखान्याने तिला बोलावलं होतं ते आईचं सोंग घ्यायला. नव्या डॉक्टरांनी तिला सांगायचं, की तुझा मुलगा मारोती अपघातात दगावला. नुसता सांगायचा सराव, बाकी काही नाही.

सराव म्हणे! दामिनीची झोप उडाली होती. मागच्या आठवड्यात खऱ्याखुऱ्या माणसांपुढे तिने कच खाल्ली होती. पेशंट दगावला होता आणि ही म्हणाली, "तब्येत जास्त आहे." आपल्याकडे असंच सांगतात, घरचे येऊन पोहोचेपर्यंत मेलेला माणूसही 'सिरियस'च असतो. पण त्या बिचाऱ्यांनी शब्द खरा मानला आणि रक्तासाठी गावभर वणवण केली. नरसिंगराव सरांनी तिला कॅज्युअल्टीतून काढलं. आज जमलं तरच परत.

"करा सुरू," सर म्हणाले.

सोनाबाईने मान वर केली. वांगी विकणारी बाई कुठे गेली कोण जाणे.

"बाई, माहा मारोती कुठी हाय?"

"मावशी, त्याची तब्येत... जरा जास्त झाली होती."

"मंग नागपूरले नेतो ना आमी!" सोनाबाई ताडकन उठली. "गाडी सांगतो. तुमी फकत चिठ्ठी लिहून द्या."

तिच्या चेहऱ्यावरची आशा दामिनीला पाहवेना. त्या दिवशी ती मान खाली घालून बोलली होती. आपल्या अर्ध्या शब्दाने माणसाचं काय होतं, ते तिला आज समोरासमोर दिसलं. तिने सोनाबाईला हाताला धरून बसवलं आणि स्टूल ओढून स्वतः जवळ बसली. कॉलेजातली मराठी कधी गळून पडली, तिचं तिलाही कळलं नाही.

"आता कुठी न्यायचं नाही राह्यलं, मावशी. मारोती वारला. आमी लई केलं, पन नाही वाचला."

मघाशी दुसऱ्या नव्या डॉक्टरच्या, भूषणच्या वेळी सोनाबाईने हंबरडा फोडून खोली डोक्यावर घेतली होती.  आता तिचे हात नुसते मांडीवर उघडे पडले. मग तिने विचारलं,

"त्याच्यापाशी कोन होतं?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. याचं उत्तरही दामिनीला कुणी शिकवलं नव्हतं.

"मी होते."

सोनाबाईने हळूच मान हलवली. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते ती पुसत नव्हती.   आपण चपला घालून कुणाच्या तरी देवघरात शिरलो आहोत, असं दामिनीला वाटलं.

"झालं," सर म्हणाले.  "दामिनी, उद्यापासून कॅज्युअल्टीला ये."

सोनाबाईने पदराने तोंड पुसलं आणि चहा मागितला. भूषणला राहवलं नाही.

"मावशी, तुमचा मुलगा खरंच..."

"हट! मले तं पोरीच हाय. चांगल्या ठणठणीत हाय समद्या."

"मग एवढं रडू येतं कुठून?"

"मले काय मालूम? बाईनं सांगतलं, तं मले खरंच वाटलं."

सगळे हसले. चहा झाला, जो तो "येतो मावशी" म्हणत निघाला. सोनाबाई प्रत्येकाला "या, या" म्हणत होती, बाजाराच्या दिवशी वांगी घ्यायला बोलावत होती.

दामिनी पर्स घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. 'येते' ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. मयत झालेल्या घरून निघताना कुणी येते म्हणत नाही. तिने सोनाबाईचा हात क्षणभर हातात धरला आणि ती वळली.

पाठीमागून सोनाबाईही 'या' म्हणाली नाही.